कपाटाचा माथा

माझ्या चिठ्ठीवर ‘पक्षी’ असं लिहिलं होतं.

“कुणाला आला रे पक्षी?” हेरवाडकर सरांनी विचारलं.

मी हात वर केला आणि अख्खा वर्ग खदखदून हसला. बावीस जणांत सगळ्यात बुटका मीच होतो.

“सुतार? वा! चढ वर. दोन वर्षं सगळ्यांच्या कोपराखालून जग बघितलंस, आता चार दिवस वरून बघ.”

ही मार्च एकोणीसशे ऐंशीची गोष्ट. इचलकरंजीत आम्ही चित्रकला शिक्षकाचा दोन वर्षांचा कोर्स करत होतो. वर्ग म्हणजे पूर्वीचं सुताचं गोदाम. शेजारी यंत्रमाग. त्यांचा खडखडाट दिवसभर चालायचा आणि वीज गेली की एकदम इतकं शांत व्हायचं की सगळे हात थांबवून वर बघायचे. प्रदर्शनासाठीच्या वेगळ्या, शेवटच्या शीटचा विषय सरांनी दिला होता : आपलाच वर्ग. तेच टेबल, तेच कपाट, तोच फळा, कोपऱ्यातला प्लास्टरचा पुतळा, पण प्रत्येकाने वेगळ्या उंचीवरून काढायचा. ‘माणूस’ आला त्याने उभं राहून काढायचा, ‘बेडूक’ आला त्याने जमिनीवर बसून. ‘पक्षी’ एकच होता, कारण घोडा एकच होता. घोडा म्हणजे रंगाऱ्यांची दोन पायांवर उभी राहणारी शिडी. त्या आठवड्यात वर्गाला चुना द्यायचं काम निघालं होतं, म्हणून ती आयती मिळाली.

सगळ्या खिडक्या बंद करून सरांनी छताला शंभराचा एकच दिवा टांगला होता. उन्हाच्या सावल्या सरकतात, दिव्याच्या सरकत नाहीत.

पर्स्पेक्टिव्ह हा सरांचा विषय. यथार्थदर्शन हे त्याचं पुस्तकी नाव. आम्हाला तो पहिल्या दिवसापासून भारी गेला आणि मला सगळ्यात भारी, कारण माझे वडील सुतार. टेबलाचे चारी कोपरे काटकोनात असतात हे मी अक्षरओळख व्हायच्या आधी शिकलो होतो. दप्तरात वडिलांचा काटकोन तपासायचा जुना गुण्या असायचा, तो लावून मी टेबल काढायचो. चारी कोपरे बिनचूक यायचे आणि टेबल भिंतीला टांगल्यासारखं दिसायचं.

“हे टेबल तुझ्या बापाने केलंय,” सर एकदा म्हणाले, “तू बघितलेलं नाहीस. टेबल कसं असतं ते तुला माहीत आहे, तीच अडचण आहे. माहीत आहे ते विसर. दिसतं ते काढ.”

असं म्हणून त्यांनी माझा गुण्या काढून घेतला आणि कपाटात टाकून कुलूप लावलं. मग भिंतीत एक खिळा ठोकला, त्याला सूत बांधलं आणि त्या सुताचं दुसरं टोक टेबलाच्या कडेला धरून मला मागून बघायला लावलं. टेबलाच्या दोन्ही कडा, जमिनीच्या फरशा, कपाटाच्या फळ्या, सगळ्या रेघा त्या एका खिळ्याकडे पळत होत्या. त्या जागेला ते लोपबिंदू म्हणायचे, म्हणजे समांतर रेघा जिथे जाऊन नाहीशा होतात ती जागा. त्या दिवशी मला ते दिसलं. नंतर मी इतका वाहवत गेलो, की मेसमध्ये ताट समोर आलं तरी आधी त्याचा लंबगोल दिसायचा, आमटी मागाहून. सर मला ‘आमचा डोळा’ म्हणायला लागले. मुंबईच्या मोठ्या कलाशाळेसाठी शिफारसपत्र देईन असं त्यांनी मला एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तेव्हापासून मी त्यांच्यापुढे जरा जास्तच वाकायला लागलो होतो.

सावल्यांत मात्र माझ्यापेक्षा पुढे एक जण होती. मालन चौगुले. ती आमच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठी होती, कुरुंदवाडच्या पुढून रोज एस.टी.ने यायची. नवऱ्याने नांदवली नव्हती. आईकडे राहून गावात बालवाडी चालवायची आणि बालवाडी सुटली की बस धरून अकराला वर्गावर हजर व्हायची. सगळे तिला मालनताई म्हणायचे. दिवा कुठे आहे ते बघून कुठल्याही वस्तूची सावली कुठवर जाईल हे ती न चुकता काढायची. सरसुद्धा म्हणायचे, “सावली शिकायची तर चौगुलेबाईंकडून.”

एकदा मी विचारलं, “ताई, तुम्हाला कसं काय जमतं हे?”

“अरे, सरळ हाय,” ती म्हणाली. “दिव्यापासनं सावलीच्या टोकापतूर सूत धर. वस्तू त्या सुतावरच कुटंतरी असती. दुसरीकडं जाऊन जाती कुटं?”

तिच्या गावच्या हायस्कुलात चित्रकला शिक्षकाची जागा रिकामी होती. हेडमास्तरांनी जूनपर्यंत जागा धरून ठेवतो असा शब्द दिला होता. जूनच्या पुढे नाही. मालनताई हे सगळ्यांना सांगायची. आम्ही पोरं पास झालो काय, नापास झालो काय, आमचं फार अडत नव्हतं. तिचं अडत होतं.

सबमिशनचा दिवस सोमवार होता. वर्षभराच्या बारा शीट्स गुंडाळून द्यायच्या, त्या सरांनी तपासायच्या, मग टर्म ग्रँट झालेल्यांची यादी गुरुवारच्या टपालाने मुंबईला जायची. यादीत नाव नाही त्याला परीक्षेला बसता येत नाही. सकाळी आम्ही ओळीने सुरळ्या दिल्या, सरांनी तांबड्या पेन्सिलीने नावांपुढे खुणा केल्या आणि यादी ऑफिसात पाठवली. मालनताईची एस.टी. त्या दिवशी बंद पडली. ती आली तेव्हा बारा वाजून गेले होते. वर्गात चुन्याच्या बादल्या आलेल्या, टेबलावर वर्तमानपत्रं पसरलेली, सर रंगाऱ्यांवर डाफरत होते. एवढ्यात तिने सुरळी त्यांच्या हातात दिली. हे सगळं मला तिच्याच तोंडून नंतर कळलं. तेव्हा मी मेसमध्ये जेवत होतो.

मंगळवारी मी घोड्यावर चढलो. वरच्या पायरीवर उशी, मांडीवर बोर्ड. पहिला तासभर मला फक्त खाली पडायची भीती वाटत होती. मग ती गेली आणि वर्ग दिसायला लागला. रोजचाच वर्ग, पण मी तो कधी बघितला नव्हता. फळ्याच्या वरच्या कडेवर खडूचा बोटभर थर होता. पुतळ्याच्या टाळूला भोक होतं. आणि कपाट. लाकडी, पुरुषभर उंच, समोरून कायम बघितलेलं. वरून त्याचा माथा दिसत होता : धूळ, शाईची रिकामी बाटली, प्लास्टरचा मोडका पाय, चिमणीने आणून टाकलेल्या काड्या आणि पुढच्या कडेशी आडवी पडलेली एक सुरळी.

त्या सुरळीवर मी मंगळवारची अख्खी दुपार घालवली. आडव्या नळकांड्याचं तोंड लंबगोल दिसतं आणि तो लंबगोल किती चपटा घ्यायचा हे फार नाजूक काम असतं. मी तीनदा काढला आणि चौथ्यांदा जमला. सुरळीला मधोमध लुगड्याच्या काठाची पट्टी बांधली होती. तिच्यावर बारीक वीण होती. गोलाईवरून वळताना ती कशी दाटत जाते ते मी सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने काढलं. सुरळीमागे माथ्याच्या फळीवर तिची लांबट सावली पडली होती, तीही काढली. संध्याकाळी खाली उतरलो तेव्हा मान अवघडली होती, पण मी खूष होतो.

बुधवारी सर आले ते तणतणतच.

“चौगुलेबाई, तुमचं सबमिशन कुठाय?”

“दिलं की सर.”

“कुणाकडे?”

“तुमच्या हातात. सोमवारी. रंगारी आलतं तवा.”

“माझ्या हातात दिलं असतं तर माझ्या हातात असतं. एकवीस सुरळ्या आहेत. मी तीनदा मोजल्या.”

काही जण हसले. मालनताई उभी राहिली होती, ती तशीच उभी होती.

“सर, दिलंय मी. तुमी बगलंत धरलं आन् आत गेला.”

“हे बघा, राहिल्या असतील शीट्स तर राहिल्या म्हणा. पोरं खोटं बोलतात, मी समजू शकतो. तुम्ही एवढ्या वयाच्या बाई.”

हे बोलायला नको होतं, हे बोलताक्षणी सरांनाही कळलं असावं. त्यांनी चष्मा काढून पुसला. पण ते मागे आले नाहीत. वर्गासमोर बोललेला शब्द मागे घेणं त्यांना कधीच जमलं नव्हतं.

“मी खोटं बोलत न्हाई सर,” मालनताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “एकडाव शोधूया. हितंच आसंल.”

मग शोधाशोध झाली. टेबलाखाली, बोर्डांच्या मागे, चुन्याच्या पोत्यांमागे बघितलं. सरांनी स्वतः कपाटाचं कुलूप काढून सगळे कप्पे बाहेर ओढले. माझा गुण्या निघाला, सुरळी निघाली नाही. मी घोड्यावरच बसून होतो, कारण एकदा उतरलं की डोळा पुन्हा नेमक्या त्याच जागी आणणं कठीण असतं.

सरांनी मान वर केली. “सुतार, तुला काही दिसतंय का रे वरून?”

मी बघितलं. अगदी मन लावून बघितलं. बेंचांच्या मधल्या पट्ट्या, कोपरे, पुतळ्यामागची फट. मी जमीन बघितली.

“नाही सर,” मी म्हणालो.

कपाटाचा माथा माझ्यासमोर आठ फुटांवर होता. मांडीवरच्या कागदावर ती सुरळी पट्टीसकट काढलेली होती. ही गोष्ट कुणाला सांगितली तर खोटी वाटेल, म्हणून मी सहसा सांगत नाही. पण त्या क्षणी मी खरं बोललो होतो. माझ्या लेखी तिथे एक लंबगोल होता, दोन समांतर रेघा होत्या आणि गडद छटेचा एक पट्टा होता. सुरळी नव्हती. माहीत आहे ते विसर, असं सरांनी मला दोन वर्षं शिकवलं होतं, आणि मी गुणी विद्यार्थी होतो.

गुरुवारी यादी गेली. एकवीस नावांची. खाली सरांची सही.

मालनताई गुरुवारी आली नाही. शुक्रवारी दुपारी सर प्रत्येकाच्या बोर्डापाशी थांबत फिरत होते. माझ्यापाशी आले तेव्हा मी बोर्ड वरून खाली दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी लांब धरला.

“छान,” ते म्हणाले. “फळ्याची कड छान. पुतळा छान. दिव्याचा गोल जरा...” आणि थांबले.

मी वरून त्यांच्या टकलाकडे बघत होतो.

“हे काय आहे?” त्यांनी बोट ठेवलं.

“लंबगोल आहे सर. चारदा काढला. ती कपाटावरची सुरळी...”

सुरळी हा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मग मला ऐकू आला. मी कपाटाकडे बघितलं. पट्टीवरची वीण गोमीची होती. इरकली लुगड्याच्या काठाला असते ती. मालनताई इरकल नेसायची. वर्षभर तिच्या बोर्डाला, डब्याला, पेन्सिलींच्या जुडीला तोच काठ बांधलेला मी बघत आलो होतो.

सरांनी कपाटाकडे बघितलं नाही. त्यांना तिथून माथा दिसणार नव्हताच.

“आज लवकर सोडतो सगळ्यांना,” ते म्हणाले. “सुतार, तू उद्या सकाळी ये. शीट इथेच राहू दे.”

मी गेलो. जाता जाता सरांना काही तरी बोलावं असं वाटत होतं. पण वाटलं, सरांना कळलंय, आता सर बघतील. रात्री मला चांगली झोप लागली.

शनिवारी सकाळी वर्गात सर एकटेच होते. दिवा लावलेला होता, घोडा जागेवर होता.

“चढ,” ते म्हणाले.

मी चढलो.

“कपाटावर काय दिसतं?”

बाटली होती. प्लास्टरचा पाय होता. काड्या होत्या. पुढच्या कडेशी धुळीत एक लांबट स्वच्छ पट्टा होता.

“सर, सुरळी...”

“काय दिसतं ते विचारलं.”

“बाटली. पाय. काड्या.”

“मग जे दिसत नाही ते कशाला काढलंस?”

शेजारचे माग चालू होते.

“सर, यादी,” मी म्हणालो.

“यादी गेली. मुंबईला गेलेली यादी परत येत नसते. आता पत्र लिहायचं तर काय लिहू? की मीच वर ठेवली, चुना उडू नये म्हणून, आणि विसरलो? आणि वर्गासमोर बाईला खोटारडी म्हणालो?” त्यांचा आवाज अगदी साधा होता, फक्त हात टेबलाच्या कडेला घट्ट धरलेला होता. “अठ्ठावीस वर्षं झाली मला इथे. पुढच्या वर्षी बसतील त्या. मी स्वतः शिकवीन. एका वर्षाने काही बिघडत नाही.”

बिघडत होतं. जूनपर्यंतच जागा आहे हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. दोघांपैकी कुणीच ते बोललं नाही.

त्यांनी खिशातून स्वतःचा खोडरबर काढला, पांढरा, परदेशी, ज्याला ते कुणालाही हात लावू द्यायचे नाहीत, आणि वर माझ्या हातात दिला. शीटही दिली.

“खोड. तसाही तिथे तो तोल बिघडवतो. मग प्रदर्शनात शीट पहिली लागेल. शिफारसपत्राचं माझ्या लक्षात आहे.”

मी खोडलं. मला लाज वाटली, हे सांगितलं पाहिजे. भीतीही वाटली आणि त्या दोन्हींच्या मागे मुंबईही होती. एकोणीस वर्षांच्या माणसाला नाही म्हणता येतं. मला म्हणता आलं नाही. आधी तोंडाचा लंबगोल गेला, मग रेघा, मग पट्टी. पट्टीला फार वेळ लागला. मी पेन्सिल दाबून धरली होती, कागदाचे तंतू उठले. ते मी नखाने बसवले आणि वर फळीची छटा दिली. सर त्या वेळात बंद खिडकीकडे तोंड करून उभे होते.

खाली उतरलो तेव्हा त्यांनी कपाट उघडून माझा गुण्या परत दिला.

बाहेर पडलो तर फाटकापाशी मालनताई. आपला बोर्ड आणि डबा घ्यायला आली होती. मी बोर्ड उचलून तिच्याबरोबर स्टँडवर गेलो.

वाटेत ती म्हणाली, “दिगू, खरं सांगू? मला आता वाटाय लागलंय, दिलीच न्हाई की काय मी. बसमधीच ऱ्हायली की काय. डेपोत जाऊन इच्यारलं. घरात माळा खाली काढला, आई म्हणली, येड लागलं का तुला.”

“नीट आठवून बघा,” मी म्हणालो.

“सरांच्या हातात दिल्यालं दिसतंय बघ मला डोळ्यांम्होरं. पर सर कशाला खोटं बोलतील?”

कुरुंदवाडची एस.टी. लागली होती. मी बोर्ड आत दिला. तिने खिडकीतून हात केला.

शिफारसपत्र मिळालं. मुंबईला गेलो, शिकलो, पुढे तेहेतीस वर्षं एका शाळेत चित्रकला शिकवली. मुलांना खिळा ठोकून सूत लावून दाखवायचो, सरांसारखंच. आहे ते नको, दिसतं ते काढा, हे मात्र मी कधी म्हणालो नाही.

पण त्याआधी जूनमध्ये प्रदर्शन झालं. माझी शीट काचेत घालून दारासमोर लावली होती, खाली ‘प्रथम क्रमांक’ अशी चिठ्ठी. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कपाटाच्या माथ्याचं खास कौतुक केलं होतं. इतक्या गर्दीच्या चित्रात एवढी जागा मोकळी सोडायला धीर लागतो, असं ते म्हणाले.

मालनताई आली ती दाखला न्यायला. गावची जागा निपाणीच्या एका मुलाला मिळाली होती. ऑफिस उघडायला वेळ होता म्हणून ती आत आली. सर पलीकडच्या भिंतीपाशी पाहुण्यांना शीट्स दाखवत होते. त्यांनी तिला बघितलं आणि पाठ फिरवली.

“दिगू, पयला आलास व्हय? बरं झालं,” ती म्हणाली आणि माझ्या शीटसमोर उभी राहिली. चित्र कसं बघायचं ते तिला येत होतं. आधी क्षितिजरेषा शोधली, मग लोपबिंदू, मग दिवा. मग एक एक करून सगळ्या सावल्या. टेबलाची, पुतळ्याची, बाटलीची, मोडक्या पायाची. प्रत्येक सावलीपाशी तिची मान किंचित हलायची.

मग ती हलायची थांबली.

“ही कशाची रे?”

मी बघितलं. कपाटाच्या माथ्यावर, काहीही नसलेल्या फळीवर, एक लांबट सावली होती. सुरळी खोडताना मी तिची सावली खोडली नव्हती. विसरलो की ठेवली, हे मला आजही सांगता येत नाही. परीक्षकांना ती दिसली नाही. अठ्ठावीस वर्षं सावल्या शिकवणाऱ्या माणसाला ती दिसली नसेल असं मात्र मला वाटत नाही.

मालनताईने काचेवरून दिव्यावर बोट ठेवलं. तिथून एक रेघ सावलीच्या या टोकापर्यंत ओढली, मग दुसरी त्या टोकापर्यंत. काचेवर बोटाचे पुसट माग उमटले. ओठातल्या ओठात ती काही तरी मापत होती, शेजारच्या बाटलीच्या हिशेबाने.

“हितनं हितवर,” ती हळूच म्हणाली. “बावीस इंच. गोल. आडवी.”

आम्ही सगळ्यांनी वापरलेला कागद बावीस इंचांचा होता.

तिने बोट काचेवरून काढलं नाही. पलीकडे सर कुणाला तरी लोपबिंदू समजावत होते. त्यांचा आवाज येत होता.

“तू वर बसला हुतास न्हवं?”

“हो.”

“सर म्हणालं, दिसतंय का काय. तवा तू न्हाई म्हणालास.”

“तेव्हा मला खरंच...” मी म्हणालो. त्यानंतरच्या शनिवारी मला दिसत होतं. स्टँडवरही दिसत होतं.

ती रडली असती, ओरडली असती, पलीकडे जाऊन सरांचा हात धरला असता तर मला सोपं गेलं असतं. मी त्याचीच वाट बघत होतो. तिने नुसता एक लांब श्वास सोडला. डोक्यावरचं ओझं उतरलं की बायका सोडतात तसा. मग ती माझ्याकडे वळली.

“म्हंजे दिलती मी,” ती म्हणाली.

“दिली होती.”

“काठ काढलातास?”

“हो.”

“गोमी जमली हुती?”

“जमली होती,” मी म्हणालो.

तिने पुन्हा त्या मोकळ्या फळीकडे बघितलं.

“मग खोडाय येळ लागला आसंल,” ती म्हणाली. तिने काचेवरचे बोटांचे माग पदराने पुसले आणि दाखला घ्यायला ऑफिसकडे गेली.